व्हॉट्सॲपवरचं निळं कडं: बंद न करता येणाऱ्या सुविधेचं प्रकरण

२४ जून २०२४ रोजी मेटा कंपनीने आपला 'मेटा एआय' हा चॅटबॉट भारतात सुरू झाल्याचं जाहीर केलं. फेसबुक, इन्स्टाग्राम, मेसेंजर आणि व्हॉट्सॲप, चारही ठिकाणी तो एकदमच आला. त्याआधी लोकसभा निवडणुकीच्या दिवसांत काही फोनांवर त्याची चाचणी होऊन गेली होती. व्हॉट्सॲप उघडलं की चॅटच्या यादीवर एक निळं-जांभळं कडं तरंगताना दिसू लागलं. वरच्या शोधपट्टीत आजवर फक्त 'सर्च' लिहिलेलं असायचं, तिथे 'मेटा एआयला विचारा किंवा शोधा' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली. युरोपात हेच कडं मार्च २०२५ मध्ये ४१ देशांत पोचलं. तिथे उशीर झाला, कारण आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने लोकांच्या पोस्टी एआयला शिकवण्यासाठी वापरण्यावर हरकत घेतली होती आणि जून २०२४ मध्ये कंपनीला ते काम थांबवावं लागलं होतं. आपल्याकडे कोणत्याही नियामकाने अशी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

कडं आलं, आणि काही दिवसांतच लोक एकमेकांना एकच गोष्ट विचारू लागले: हे काढायचं कसं? उत्तर असं आहे की ते पूर्ण काढता येत नाही. मेटा एआयशी झालेली चॅट पुसता येते, अर्काइव्ह करता येते, म्यूट करता येते. पण ही सुविधाच मला नको, माझ्या फोनवर ती दाखवू नका, असं सांगायची जागा सेटिंग्जमध्ये ठेवलेलीच नाही.

हा चॅटबॉट हुशार आहे की बावळट, या वादात मी इथे शिरत नाही. अनेकांना तो उपयोगी पडत असेल. ज्याच्याकडे संगणक नाही अशा एखाद्या विद्यार्थ्याने त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला, तर त्यात वावगं काहीच नाही. माझी हरकत एका बटणापुरती आहे, जे दिलेलं नाही. ते देणं कंपनीला जमत नाही अशातला भाग नाही. ते द्यायचं नाही असं ठरवलेलं आहे, आणि ते का ठरवलं हे तपासण्यासाठी हे प्रकरण मांडतो आहे.

शोधपट्टीची जागा

समजा, साताऱ्यात राहणारी सत्तरीची एक आई आहे. तिला डोळ्यांच्या डॉक्टरांनी मागे पाठवलेला थेंबांच्या औषधाचा मेसेज हवा आहे. ती वरच्या पट्टीवर बोट ठेवते आणि 'थेंब' असं टाइप करते. खाली जुने मेसेज दिसायला हवेत. ते दिसतातही, पण त्यांच्याबरोबर मेटा एआयला विचारायचे तयार प्रश्नही समोर येतात. बोट जरा इकडचं तिकडे पडलं की समोर इंग्रजीत लांबलचक उत्तर उघडतं, आणि डॉक्टरांचा मेसेज कुठे गेला हे तिला कळत नाही. मग पुण्यातल्या मुलाला फोन जातो.

'अरे, डॉक्टरांचं काहीतरी भलतंच उघडलंय.'

'आई, ते डॉक्टर नाहीत. तू त्या गोलाला हात लावलास का?'

'नाही रे, मी शोधत होते नुसती.'

'बरं, मागे जा. परत मागे जा. आणि तिथे काही विचारू नकोस.'

'मग काढून टाक ना ते माझ्या फोनवरून. येशील तेव्हा काढ.'

'ते निघत नाही आई.'

असा संवाद कोणत्याही घरात होऊ शकतो, आणि त्यातलं शेवटचं वाक्य आईला पटत नाही. तिला वाटतं, मुलाला वेळ नाही. ज्या घरात टीव्हीचा आवाज बंद होतो, मिक्सर बंद होतो, तिथे फोनवरचं एक चित्र निघत नाही हे तिने का मानावं? तिचं म्हणणं तंतोतंत बरोबर आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा वेळी आपण नकळत आईलाच समजावायला लागतो, की आता फोन असेच असतात, सवय कर.

या कड्याची जागा अगदी विचारपूर्वक निवडलेली दिसते. गोल कडं नव्या चॅटच्या बटणाच्या जवळ आहे, म्हणजे अंगठा जिथे रोज जातो तिथे. पण खरी मोलाची जागा शोधपट्टीची. व्हॉट्सॲप आपल्याकडे आता फक्त बोलायचं साधन राहिलेलं नाही. ते घरातलं कपाट झालं आहे. आधारचा फोटो, गॅसच्या बुकिंगचा नंबर, मुलीच्या शाळेचं वेळापत्रक, सोसायटीच्या बैठकीचं इतिवृत्त, पोस्टातल्या ठेवीची पावती, सगळं त्यात. कपाटातलं काही काढायचं तर शोधपट्टीवाचून गत्यंतर नाही. म्हणजे ज्याला मेटा एआय नको आहे, त्यालासुद्धा रोज त्याच्या दारावरूनच जावं लागतं.

या जागेची किंमत कंपनीच्या आकड्यांतच दिसते. भारतात सुरुवात होऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते, तेव्हा, जुलै २०२४ च्या अखेरीस, गुंतवणूकदारांसमोर बोलताना मेटाच्या वित्तप्रमुख सुझन ली यांनी सांगितलं की मेटा एआयच्या वापरात भारत ही त्यांची सर्वांत मोठी बाजारपेठ ठरली आहे. पुढे मे २०२५ मध्ये मार्क झुकेरबर्ग यांनी दर महिन्याला १ अब्ज लोक मेटा एआय वापरतात असं जाहीर केलं. या आकड्यात मनापासून आलेले किती आणि साताऱ्याच्या आईसारखे वाट चुकून आलेले किती, हे बाहेरच्या माणसाने कसं ओळखायचं? बंद करायचं बटण असतं, तर निदान एक मोजमाप हाती आलं असतं: किती जणांनी ते बंद केलं. मला वाटतं, बटण नसण्याचं एक कारण इथेच आहे. ते बटण म्हणजे कंपनीविरुद्ध चालू राहणारं मतदान ठरलं असतं.

'वापरायचं नसेल तर वापरू नका'

एप्रिल २०२५ मध्ये युरोपात ओरड सुरू झाली, तेव्हा बीबीसीने व्हॉट्सॲपला विचारलं. कंपनीचं म्हणणं होतं की ही सुविधा पूर्णपणे ऐच्छिक आहे, लोकांना असे पर्याय देणं चांगलंच आहे, आणि 'चॅनेल्स', 'स्टेटस' यांसारख्या गोष्टीही ॲपमध्ये कायमच्या आहेतच.

हा युक्तिवाद नीट पाहायला हवा, कारण वरवर तो बिनतोड वाटतो. कोणी तुमच्या हाताला धरून प्रश्न विचारायला लावत नाही, हे खरंच आहे. पण ऐच्छिक या शब्दाखाली कंपनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करते. एखादी गोष्ट न वापरणं हे मला दर वेळी, दर दिवशी, प्रत्येक चुकलेल्या बोटागणिक करावं लागतं. ती गोष्ट नाकारणं मला एकदाच करायचं असतं. पहिल्यात कष्ट माझे, दुसऱ्यात कंपनीला माझा निर्णय लक्षात ठेवावा लागतो. व्हॉट्सॲपने पहिलं दिलं आणि दुसरं दिलं नाही. शिवाय चॅनेल्सही काढता येत नाहीत हे उदाहरण स्वतःच्या बचावासाठी देणं म्हणजे जुन्या तक्रारीने नवी तक्रार झाकणं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या चॅनेल्सबद्दलही लोकांनी हेच विचारलं होतं, आणि जून २०२५ मध्ये त्याच टॅबमध्ये जाहिराती येणार असल्याची घोषणा झाली. कायमची म्हणून ठेवलेली जागा पुढे कशाकशाला वापरली जाते, हे त्यातून दिसलं.

आणखी एक गोष्ट. ग्रुपमध्ये माझ्या ऐच्छिकतेला फारसा अर्थ उरत नाही. ग्रुपमधला कोणीही '@' टाकून मेटा एआयला प्रश्न विचारू शकतो, आणि उत्तर सगळ्यांसमोर येतं. मी न वापरण्याचं ठरवलं तरी ते माझ्या पुढ्यात येऊन पडतं.

अफवा आणि खरी गोष्ट

२०२५ च्या उत्तरार्धात एक फॉरवर्ड फिरत होता. तुमच्या ग्रुपमधले सगळे मेसेज, फोन नंबर आणि फोटो आता एआय वाचणार आहे, ताबडतोब 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' चालू करा, असा त्याचा आशय होता. तथ्य तपासणाऱ्यांनी तो चुकीचा ठरवला, आणि तो चुकीचाच होता. आपसातल्या मेसेजना एप्रिल २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून ते कोणालाच वाचता येत नाहीत. मेटा एआयकडे जातं ते फक्त त्याला उद्देशून लिहिलेलं, त्याला टॅग केलेलं किंवा मुद्दाम पाठवलेलं. बाकीच्या गप्पा त्याला दिसत नाहीत.

तरीही तो फॉरवर्ड पसरवणाऱ्या माणसांवर हसायचं मला कारण दिसत नाही. ज्या ॲपने वर्षानुवर्षं सांगितलं की तुमचं बोलणं तुमच्या दोघांतच राहतं, त्याच ॲपच्या त्याच यादीत, आईच्या आणि भावाच्या चॅटशेजारी, अगदी तशीच दिसणारी एक खिडकी उघडली, आणि त्या खिडकीत लिहिलेलं मात्र कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन वाचलं जातं. कायदेशीर भाषेत हा फरक कुठेतरी सांगितलेला आहे. डोळ्यांना तो दिसत नाही. दोन वेगळ्या तऱ्हेच्या खोल्यांना एकच दार दिल्यावर माणसं घाबरणारच, आणि घाबरलेली माणसं जे हाती लागेल ते पुढे पाठवणारच. ते कडं बंद करता आलं असतं, तर त्या अफवेची हवा तिथेच गेली असती.

त्या फॉरवर्डमधली अर्धी गोष्ट खरी होती, ती अशी: 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' नावाची सेटिंग एप्रिल २०२५ मध्ये आली, आणि ती ज्या चॅटमध्ये चालू केली त्या चॅटमध्ये मेटा एआयला टॅग करता येत नाही. त्याचबरोबर चॅट एक्स्पोर्ट करणं आणि फोटो आपोआप डाउनलोड होणं थांबतं. पण ती एकेका चॅटपुरती आहे. ज्याच्या फोनवर शंभर ग्रुप आहेत त्याने शंभर वेळा ती चालू करायची, आणि एवढं करूनही निळं कडं आणि शोधपट्टीतली ओळ जिथल्या तिथेच. म्हणजे कोणत्या जागी मेटा एआय चालू नये, हे कंपनीला तांत्रिकदृष्ट्या उत्तम जमतं. तेच अख्ख्या खात्याला लागू करायचं असेल, तर अडतं कुठे?

खरी काळजी करण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे, आणि तिच्यावर मात्र फॉरवर्ड फिरले नाहीत. १६ डिसेंबर २०२५ पासून मेटा आपल्या एआयशी झालेलं बोलणं फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या जाहिराती आणि मजकूर निवडण्यासाठी वापरते. युरोपीय संघ, ब्रिटन आणि दक्षिण कोरिया यांना सुरुवातीला वगळलं. भारताला वगळलं नाही. व्हॉट्सॲपवरचं एआयशी झालेलं बोलणं त्यात धरलं जातं ते तुम्ही व्हॉट्सॲप मेटाच्या 'अकाउंट्स सेंटर'ला जोडलेलं असेल तर. अनेकांनी ते कधीतरी, स्टेटस इन्स्टाग्रामवर टाकायचं म्हणून, जोडून ठेवलेलं असतं आणि मग विसरून गेलेले असतात. साताऱ्याच्या आईने थेंबांबद्दल चुकून विचारलेला प्रश्न हा आता नुसता चुकलेला स्पर्श राहत नाही.

आणि चुकीची उत्तरं आहेतच. जून २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या एका रेल्वे प्रवाशाने व्हॉट्सॲपवरच्या या मदतनिसाला रेल्वे कंपनीचा हेल्पलाइन नंबर विचारला. मदतनिसाने आत्मविश्वासाने एका भलत्याच, खाजगी माणसाचा मोबाइल नंबर दिला, आणि चूक दाखवल्यावर तो नंबर कुठून आला याची वेगवेगळी स्पष्टीकरणं देत राहिला. आपल्याकडे बँकेचा कस्टमर केअर नंबर इंटरनेटवर शोधून लोक लाखोंना फसतात, आणि सायबर पोलीस कानीकपाळी ओरडून सांगतात की नंबर फक्त अधिकृत ठिकाणाहून घ्या. अशा देशात प्रत्येक शोधपट्टीत असा मदतनीस बसवायचा, तर ज्याला तो नको त्याला नाकारता यायलाच हवा.

आधी काय झालं होतं

व्हॉट्सॲपचे संस्थापक जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन. ॲक्टन यांनी कूमना लिहून दिलेली एक चिठ्ठी प्रसिद्ध आहे: जाहिराती नकोत, खेळ नकोत, क्लृप्त्या नकोत. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरला कंपनी घेत असल्याचं जाहीर केलं. ॲक्टन २०१७ मध्ये बाहेर पडले, कूम २०१८ मध्ये. पुढे ॲक्टन यांनी ५ कोटी डॉलर घालून सिग्नल या मेसेजिंग ॲपसाठी सिग्नल फाउंडेशन उभं केलं.

पण मालक बदलल्यानंतरही काही वर्षं नको असलेली सुविधा आली की तिला आवर घालता येत होता, आणि ते लोकांनी ओरड केल्यावरच झालं. नोव्हेंबर २०१४ मध्ये निळ्या टिक्स आल्या. मेसेज वाचला हे समोरच्याला कळायला लागलं, घराघरांत आणि ऑफिसांत रुसवेफुगवे झाले, आणि काही आठवड्यांतच त्या बंद करण्याची सेटिंग आली. (ग्रुपमध्ये त्या आजही बंद होत नाहीत, ही त्याच प्रकरणाची अर्धवट राहिलेली बाजू.) फेब्रुवारी २०१७ मध्ये चोवीस तासांत नाहीसं होणारं 'स्टेटस' आलं आणि नावाखालची जुनी एका ओळीची माहिती काढून टाकली. जगभरातून तक्रारी गेल्या. पुढच्याच महिन्यात ती ओळ 'अबाउट' या नावाने परत आली. एप्रिल २०१९ मध्ये, पुन्हा निवडणुकीच्या तोंडावर, आपल्याला कोण ग्रुपमध्ये घेऊ शकतं हे ठरवायची सेटिंग मिळाली. त्याआधी कोणीही उचलून कोणालाही कोणत्याही पक्षाच्या, प्लॉटवाल्याच्या, मिसळ महोत्सवाच्या ग्रुपमध्ये टाकायचं, आणि बाहेर पडलं तरी परत घ्यायचं. ती सेटिंग येण्याआधीचे दिवस आठवले की आजही वैताग येतो.

या तिन्ही वेळी तक्रार आणि बटण यांच्यात थेट नातं होतं. मेटा एआयच्या वेळी ते तुटलं. भारतात कडं आल्याला वर्ष उलटलं, युरोपात ओरड झाली, वृत्तपत्रांत लेख आले, आणि खात्यापुरतं बंद करायचं बटण आलं नाही. फरक माझ्या मते सुविधेच्या स्वरूपात आहे. निळ्या टिक्स बंद केल्याने कंपनीचं काही जात नव्हतं. एआयच्या शर्यतीत मात्र कोट्यवधी लोकांच्या रोजच्या वाटेवर आपलं दुकान असणं हेच कंपनीचं मुख्य भांडवल आहे. ते दुकान वाटेवरून हटवायची मुभा एकेका माणसाला द्यायची म्हणजे त्या भांडवलातून हात काढून घेणं.

मग सोडून का देत नाही

हा प्रश्न हमखास येतो. सिग्नल आहे, झोहो या भारतीय कंपनीचं अरट्टाई आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात अरट्टाई कितीतरी जणांनी उत्साहाने उतरवून घेतलं होतं. त्यातल्या किती जणांच्या शाळेचा ग्रुप तिकडे गेला?

एकट्याने व्हॉट्सॲप सोडणं म्हणजे गाव सोडण्यासारखं आहे. सोसायटीचं पाणी कधी येणार, मुलाची सहल कोणत्या वारी, अंगणवाडीची बैठक, डॉक्टरांच्या रिपोर्टची पीडीएफ, सगळं तिथे. शासनही तिथेच आहे. मुंबई महापालिकेने जानेवारी २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर चॅटबॉट सुरू केला. पुण्यात, मुंबईत मेट्रोचं तिकीट व्हॉट्सॲपवर निघतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मेटाशी करार करून 'आपले सरकार'च्या सेवा व्हॉट्सॲपवर आणायचं जाहीर केलं. ही सोय मला चांगली वाटते; दाखल्यासाठी तहसीलच्या खेपा वाचत असतील तर वाचू देत. पण मग शासनाने करार करताना एक अट घालायला हवी होती: जो नागरिक सरकारी कामासाठी या ॲपवर येणार, त्याला कंपनीचा स्वतःचा एआय बाजूला ठेवता आला पाहिजे. नागरिकाला आपण ज्या रस्त्याने बोलावतो, त्या रस्त्यावर कोणी काय मांडलं आहे याची जबाबदारी आपलीही असते.

कायदा कुठवर पोचतो

इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये मेटाविरुद्ध चौकशी उघडली. त्यांचा मुद्दा सरळ आहे: व्हॉट्सॲपचं बाजारातलं वर्चस्व वापरून, लोकांनी मागितलेला नसताना, मेटाने आपला एआय शोधपट्टीत बसवला. त्यामुळे ग्राहक एआयच्या बाजारात स्वतःच्या निवडीने न येता ढकलले जातात, आणि इतर कंपन्यांना तशी जागा कधीच मिळत नाही. हाच धागा पुढे वाढला. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक सेवेवर इतर कंपन्यांच्या चॅटबॉटना मज्जाव करणाऱ्या नव्या अटींविरुद्ध इटलीने डिसेंबर २०२५ मध्ये अंतरिम आदेश दिला, आणि त्याच महिन्यात युरोपीय आयोगानेही त्याच अटींची चौकशी सुरू केली. एकीकडे स्वतःचा एआय काढता येत नाही, दुसरीकडे दुसऱ्याचा येऊ द्यायचा नाही. ही दोन्ही टोकं एकत्र पाहिली की बटण का नाही ते नीट कळतं.

आपल्याकडे वाट इतकी मोकळी नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न', म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या मांडण्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार सांगितले आहेत. ग्राहकाला हव्या असलेल्या कामापासून वळवून दुसरीकडे नेणारी मांडणी हा त्यातलाच एक प्रकार. शोधपट्टीचं प्रकरण त्यात बसतं असं मी ठामपणे म्हणेन. अडचण अशी की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'सेवा' या व्याख्येतून मोफत दिलेली सेवा वगळली आहे. व्हॉट्सॲपला आपण पैसे देत नाही, म्हणजे कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला हे कलम काढणार.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ म्हणतो की संमती मोकळेपणाने, माहिती घेऊन, विनाअट दिलेली हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. संमतीची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही, मिळायला हवी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. शिवाय हा कायदा डेटाला हात घालतो. स्क्रीनवरच्या कड्याला तो कितपत लागू होईल, हा वादाचा मुद्दा राहील.

उरतो तो स्पर्धा कायदा, २००२, आणि मला खरी आशा तिथे वाटते. व्हॉट्सॲपने जानेवारी २०२१ मध्ये आपलं नवं गोपनीयता धोरण 'मान्य करा नाहीतर सोडा' अशा पद्धतीने आणलं. भारतीय स्पर्धा आयोगाने स्वतःहून चौकशी केली आणि १८ नोव्हेंबर २०२४ रोजी मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. सेवा मोफत आहे हा बचाव तिथे चालला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने व्हॉट्सॲपचा डेटा जाहिरातींसाठी मेटाच्या इतर कंपन्यांना देण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी उठवली, पण दंड कायम ठेवला. वापरणाऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे, हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा होता.

दुसरं एक प्रकरण उलट्या दिशेने बोलतं, तेही लपवायला नको. ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड करताना आयोगाने सांगितलं होतं की फोनमध्ये आधीपासून घातलेली गूगलची ॲप्स लोकांना काढता आली पाहिजेत. अपिलात दंड टिकला; ॲप्स काढण्याबद्दलचा निर्देश मार्च २०२३ मध्ये रद्द झाला. काढून टाकण्याचा हक्क आपल्याकडे अजून कायद्यात पक्का बसलेला नाही.

तरी लोकांच्या मनात तो पक्का बसला आहे, याचा पुरावा डिसेंबर २०२५ मध्ये मिळाला. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबरच्या आदेशात मोबाइल कंपन्यांना 'संचार साथी' ॲप नव्या फोनमध्ये घालायला सांगितलं होतं, आणि ते निष्क्रिय करता येता कामा नये असंही त्यात होतं. चोरीचा फोन शोधायला ते ॲप उपयोगी आहे. तरीही देशभर विरोध झाला, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. आठवड्याच्या आत. ॲप वाईट आहे म्हणून लोक चिडले नव्हते, ते काढता येणार नाही म्हणून चिडले होते. सरकारच्या उपयोगी ॲपला जो न्याय लावला, तो एका खाजगी कंपनीच्या चॅटबॉटला लावायला आपण का कचरतो, हे मला समजत नाही.

आज हातात काय आहे

घरातल्या वयस्कर माणसांच्या फोनवर एवढं करून ठेवा. मेटा एआयची चॅट उघडलेली असेल तर आधी त्यात '/reset-ai' ही आज्ञा इंग्रजीत पाठवा, म्हणजे त्या चॅटची त्याने ठेवलेली स्मृती पुसली जाते. मग चॅट डिलीट करा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स सेंटर उघडून व्हॉट्सॲप तिथे जोडलेलं आहे का पाहा आणि गरज नसेल तर काढा. घरच्या, आजारपणाच्या, पैशांच्या ग्रुपमध्ये ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी चालू करा. महत्त्वाचे मेसेज, डॉक्टरांचे किंवा बँकेचे, स्टार करून ठेवा, म्हणजे ते काढायला शोधपट्टीत जावंच लागत नाही. जुनी आवृत्ती शोधून टाकायच्या फंदात पडू नका. सुरक्षेचे नवे बदल त्यात नसतात आणि अनोळखी ठिकाणची फाइल त्याहून धोक्याची.

तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, जरूर नोंदवावी. मोफत सेवेची अडचण असली तरी नोंद होणं महत्त्वाचं. पण एकेकट्याने पुरायचं नाही. स्पर्धा आयोगाकडे कोणीही माहिती दाखल करू शकतं, त्यासाठी स्वतःचं नुकसान दाखवावं लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. व्यक्तीसाठी किंवा ग्राहक संस्थेसाठी त्याचं शुल्क ५,००० रुपये आहे. महाराष्ट्रात ग्राहक चळवळीची पन्नास वर्षांची परंपरा आहे, मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था आहेत, ज्यांनी याहून अवघड लढे लढले आहेत. अर्जात मागणी एकच असावी: सेटिंग्जमध्ये, मराठीत, पहिल्या पानावर एक बटण. ते बंद केलं की कडं जाईल, शोधपट्टीत फक्त आपले मेसेज शोधले जातील, आणि पुढचं अपडेट आलं तरी ते आपोआप पुन्हा चालू होणार नाही.